लक्ष कुणाचे होते?
(द्वितीय वर्ष, कला)

लहान मूल असलेल्या प्रत्येक घरात पराक्रमांची एक बखर तयार होत असते. ती कुणी लिहून ठेवत नाही. पण पाहुणा आला, चहा झाला, की तिची पाने आपोआप उलटू लागतात. अमक्याने नाकात हरभरा घातला, तमकीने आजोबांची कवळी तुळशीच्या कुंडीत पुरली, तिसरा पिठाच्या डब्यात उतरला आणि भस्म फासलेल्या गोसाव्यासारखा बाहेर आला. ऐकणारे पोट धरून हसतात. पाहुणाही मग आपल्या घरची बखर उघडतो. अशा गप्पांत रविवारची दुपार कशी निघून जाते ते कळत नाही.

या गप्पा ऐकताना एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली आहे. हा प्रसंग रंगवून सांगणारा माणूस प्रसंग घडला तेव्हा बहुधा घरात नसतो. जी बाई घरात होती, ती त्या वेळी आत कपबश्या विसळत असते. तिला तो प्रसंग विचारला तर ती एवढेच म्हणते, "होय, झालं होतं खरं तसं." तिला हसू का येत नाही, याचा विचार मी गेली दोन वर्षे करते आहे. तोच विचार आपल्यापुढे ठेवावा म्हणून हा लेख.

आमचे घर द्राक्षबागांच्या टापूत आहे. घरात आजी, आईवडील, दादा, वहिनी, मी आणि दादाची दोन मुले. भाचा चार वर्षांचा, भाची दीड वर्षाची. वडील बाजार समितीत हमाली करतात, दादा टेम्पोवर असतो. ऑक्टोबरची छाटणी झाली की बागांत बायकांच्या कामाला ऊत येतो. डिपिंग आणि विरळणी ही कामे बायकांच्याच हातची. आई आणि वहिनी नऊ वाजता डबा घेऊन निघतात त्या दिवस कलताना परततात. मी सकाळचे कॉलेज करून एक वाजता घरी येते. म्हणजे नऊ ते एक मुले आजीकडे आणि एक ते सहा माझ्याकडे, अशी आमच्या घरची पाळी आहे. कारखान्यात तीन पाळ्या असतात, आमच्याकडे दोनच. शिवाय हजेरीपुस्तक नाही आणि सुट्टीही नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी पुस्तके आणि परीक्षेची फी यांतला मोठा वाटा वहिनीच्या रोजगारातून येतो. वहिनी कामावर जाऊ शकते, कारण आजी आणि मी मुले सांभाळतो. मी सकाळी तासाला बसू शकते, कारण त्या वेळी आजी असते. हे सारे एकमेकांत असे गुंतलेले आहे, की एक दोरा ओढला तर सगळी वीण उसवावी. म्हणूनच भाच्याने नाकात घातलेल्या हरभऱ्याची गोष्ट मला नुसती गंमत वाटत नाही.

ती गोष्ट अशी. सकाळची वेळ होती. आजी एकटी होती, तव्यावर भाकरी होती आणि भाची रडत होती. भाच्याने भिजत घातलेल्या हरभऱ्यांतला एक उचलला आणि नाकात सारला. आजीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. तिला हे कळले ते पोरगा शिंकू लागल्यावर. शेजारच्या काकू केसातली पिन घेऊन धावत आल्या. सुदैवाने आजीने पिन लावू दिली नाही. एकाला कडेवर आणि एकाला बोटाशी धरून ती प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. डॉक्टरांनी मिनिटाभरात हरभरा काढला. झाले, संपले!

पण संपले कुठे? संध्याकाळी दादा आला, त्याने ऐकले आणि पहिला प्रश्न टाकला, "लक्ष कुणाचं होतं?" घर गप्प झाले. आजी म्हणाली, "माझंच होतं, बाबा." त्या रात्री ती जेवली नाही. दादा वाईट माणूस नाही. त्याचा मुलांवर जीव आहे. पण ज्या म्हातारीने पिन लावू दिली नाही आणि दोन मुले घेऊन उन्हातून चालत जाऊन पणतवाचे नाक वाचवले, तिला त्याबद्दल शाबासकीचा एक शब्द मिळाला नाही. आता तोच प्रसंग दादा पाहुण्यांना हसत हसत सांगतो.

"लक्ष कुणाचं होतं?" हा प्रश्न दिसतो साधा, पण त्याला उत्तर नको असते, आरोपी हवा असतो. आणि तो आरोपी ठरलेला असतो. मूल पडले तर आईचे लक्ष नव्हते. आई कामावर असेल तर आजीचे, आजी झोपली असेल तर थोरल्या बहिणीचे. बाप दोन हातांवर खाटेवर बसला असला तरी हा प्रश्न त्याच्या डोक्यावरून सरळ स्वयंपाकघरात जातो.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की लहान मुलावर लक्ष ठेवणे हे काम आहे. भाकरी थापणे, धुणे धुणे, पोते उचलणे ही जशी कामे, तसेच हेही. पण आपण त्याला काम मानत नाही. ते दुसरे काम करता करता आपोआप होते असे समजतो. "तू भाकरी करतेसच ना, मग जरा पोराकडेही बघ." या "जरा" शब्दात सगळी गोम आहे. दीड वर्षाचे मूल "जरा" बघण्याची वस्तू नाही. ते आता उंबऱ्याशी असते, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पाण्याच्या बादलीशी असते. घरातले बहुतेक अपघात मुलांच्या खोडकरपणामुळे होत नाहीत, बायकांच्या निष्काळजीपणामुळेही होत नाहीत. एका डोळ्यावर तीन कामे टाकली म्हणून ते होतात. दिवेलागणीची वेळ आठवून पाहा. चूल पेटलेली, दूध तापत असलेले, मुले भुकेने आणि झोपेने किरकिरणारी, आणि बाई एकटी. नेमक्या याच वेळी घरातले पुरुष पारावर, टपरीवर किंवा दूरचित्रवाणीपुढे "जरा टेकलेले" असतात. म्हणजे घराची फुरसत आणि मुलांची सर्वांत धोक्याची वेळ एकच! ती फुरसत वाटून घेतली असती, तर धोकाही वाटला गेला असता.

हे मी केवळ आमच्या घरावरून बोलत नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. तीत सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी ८१ जणी दिवसात बिनमोल घरकाम करताना आढळल्या. पुरुष शंभरात २६. हे काम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होते, पुरुषाचे ९७. घरातील मुले, म्हातारी व आजारी माणसे यांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यावर १३४ मिनिटे घालवीत होत्या, पुरुष ७६. मिनिटांचा हिशेब ठीकच आहे. पण त्या मिनिटांमागची धास्ती कुठल्या रकान्यात मांडायची? मी इतिहासाचे टिपण काढत असते तेव्हा माझा एक कान अंगणात असतो. आवाज आला तर चिंता, आणि अजिबात आवाज येईनासा झाला तर जास्त चिंता! मुले सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, घरातली शांतता ही सर्वांत संशयास्पद गोष्ट असते.

आता कुणी म्हणेल, मग काय मुलांना बांधून ठेवायचे? मुळीच नाही. मूल धडपडणारच. गुडघा फुटेल, कपाळावर टेंगूळ येईल, तोंडात माती जाईल. या किरकोळ पडझडीतूनच ते चालायला, चढायला, आपला तोल ओळखायला शिकते. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एका परिचारिकाबाईंनी फार चांगले सांगितले होते. त्या म्हणाल्या, "प्रत्येक पडण्याला घाबरू नका, पण काही गोष्टींना घाबराच." त्यांनी सांगितलेल्या गोष्टी मी वहीत उतरून घेतल्या होत्या. त्या येथे देते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी लहान भावंडे, भाचे, पुतणे आहेत.

भाजले तर त्यावर हळद, तूप, शाई, टूथपेस्ट यांतले काहीही लावू नये. भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा, बर्फ लावू नये. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत; ते श्वासनलिकेत अडकू शकतात. नाकाकानात काही गेले तर पिनेने वा काडीने कोरू नये, डॉक्टरकडे न्यावे. रॉकेल किंवा औषध पोटात गेले तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. ती बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. लहान मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकते, म्हणून न्हाणीघरातली बादली रिकामी करून पालथी ठेवावी. खेळण्यातला किंवा रिमोटमधला बटणासारखा छोटा सेल मुलाने गिळला तर एक क्षणही वाट पाहू नये. आमच्या भागासाठी यात मी एक भर घालीन. बागेवर मारायचे औषध थंड पेयाच्या बाटलीत काढून घरात ठेवण्याची जी सवय आहे, ती आजच्या आज मोडावी. मुलाला बाटलीवरचे रंगीत चित्र कळते, आतला द्रव कळत नाही.

ही यादी पाहा. यातली एकही गोष्ट केवळ बाईनेच करायची नाही. बादली पालथी करायला बाईचाच हात लागतो का? औषधाची बाटली फळीवर ठेवायला तर उंच माणूसच बरा! पण हे शहाणपण आपण फक्त बायकांच्या बैठकीत सांगतो. त्या शिबिरातही परिचारिकाबाई बोलत होत्या तेव्हा गावातले पुरुष देवळाच्या ओट्यावर बसले होते आणि आमच्यातले काही विद्यार्थी बाहेर कुदळ-फावडी मोजत होते.

या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ज्या घरात आजी नाही तिथे ही पाळी कुणाकडे जाते? थोरल्या मुलीकडे. माझ्या एका मावसबहिणीची शाळा सातवीत सुटली. तिला कुणी शाळेतून काढले नाही. आधी आठवड्यातून एक दिवस राहिली, मग दोन, मग परीक्षेला गेली नाही, एवढेच. घरी दोन धाकटे भाऊ होते. ती हुशार होती, तिचे अक्षर माझ्यापेक्षा सुरेख होते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर हे दर हंगामाला घडते. आईबाप फडात असतात आणि दहा वर्षांची पोर कोपीपुढे बाळाला मांडीवर घेऊन बसते. तिला सगळे "शहाणी पोर" म्हणतात. हा शहाणपणा तिला किती महाग पडतो, हे पुढे कुणी विचारीत नाही.

ही गोष्ट महाराष्ट्रात कुणालाच उमगली नव्हती असे मात्र नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे पाहिल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली; "अंगणवाडी" हा शब्द त्यातून आला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. त्यामागचा विचार किती साधा आणि किती खोल होता! थोरली बहीण शाळेत यायची तर तिच्या कडेवरच्या बाळाचीही सोय शाळेतच हवी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. मुलीला "शाळेत का येत नाहीस?" असे दटावण्याऐवजी "तुझ्या कडेवर कोण आहे?" असे त्यांनी विचारले. शिक्षणशास्त्राच्या कित्येक ग्रंथांचे सार मला या एका प्रश्नात दिसते.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू केली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. माझा भाचा तिथे जातो. पण अंगणवाडी सुटते तेव्हा बागेतले काम सुटत नाही, आणि दीड वर्षाच्या भाचीला तिथे दिवसभर ठेवता येत नाही. २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात एक चांगली तरतूद होती. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. मूल सांभाळणे हे मजुरीचे काम आहे, असे त्या कायद्याने मान्य केले होते. जे कायद्याला पटले ते आमच्या ओसरीला अजून पटत नाही. २०२२ पासून "पाळणा" योजनेखाली अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याचे धोरण आले आहे. ते आमच्या वस्तीपर्यंत येईल तेव्हा त्याचे स्वागत सर्वांत आधी आजी करील.

यावर नेहमीचे दोन आक्षेप आहेत. पहिला आजीच्या पिढीकडून येतो. "आम्ही सात-सात पोरं वाढवली, कुणी पाळणाघरं काढली नव्हती." खरे आहे. पण त्या काळी एका अंगणात चार चुलत्या, तीन आत्या आणि दोन म्हाताऱ्या असत. लक्ष आपोआप वाटले जाई. आणि वाढवलेल्या सातांची गणती करताना न वाढलेल्यांची गणती कुणी करीत नाही. माझ्या आजीची दोन मुले गेली. ती त्यांची नावे अजून घेते, पण गप्पांच्या बखरीत ती नाहीत.

दुसरा आक्षेप पुरुषांचा. "आम्हाला पोरं सांभाळायला जमत नाही." हे मला बिलकूल पटत नाही. जत्रेला चला आणि पाहा. गर्दीत बाप मुलाला खांद्यावर घेतो, पाळण्यात बसवतो, त्याची शी-शू ओळखतो, हरवू नये म्हणून त्याचा पाय घट्ट धरतो. तेव्हा सगळे उत्तम जमते! म्हणजे फुरसतीत मूल बापाच्या खांद्यावर आणि कामात आईच्या कडेवर, अशी ही वाटणी आहे. जमण्या न जमण्याचा तो प्रश्नच नाही. आणि पुरुषाने तासभर मूल घेतले तर शेजारीपाजारी कौतुकाने म्हणतात, "बघा, बायकोला किती मदत करतो!" स्वतःच्या मुलाला सांभाळणे ही मदत कशी? स्वतःच्या ताटातले जेवणे ही कुणाला मदत असते का?

अलीकडे एक नवी दाई घरोघर आली आहे, ती म्हणजे मोबाईल. तो हातात दिला की मूल अर्धा तास जागचे हलत नाही. बाईला भाकऱ्या करता येतात, बापाला टेकता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यापुढे बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभराहून अधिक नको. हे वाचून आईला बोल लावणे फार सोपे आहे. पण ज्या घरात दुसरा हात पुढे येत नाही, तिथे मोबाईलच पुढे येणार. मोबाईल काढून घ्यायचा असेल तर त्याच्या जागी एक माणूस द्यावा लागेल.

शेवटी आपल्या महाविद्यालयाविषयी. आपल्या वर्गांत लग्न झालेल्या विद्यार्थिनी आहेत. परीक्षेच्या दिवसांत आवारातल्या कडुनिंबाखाली कुणाची आई, कुणाची सासू तान्हे बाळ घेऊन बसलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. पेपर लिहिता लिहिता बाळाचा रडण्याचा आवाज आला की त्या मैत्रिणीचे पेन थांबते. स्त्रीशिक्षणावर आपण वर्षभर तास ऐकतो, निबंध लिहितो, ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालतो. त्याच्या जोडीला परीक्षेच्या काळात एक खोली उघडता आली तर? एक सतरंजी, पिण्याचे पाणी, नीट लागणारे दार, आणि ज्यांचा त्या दिवशी पेपर नाही अशा राष्ट्रीय सेवा योजनेच्या दोन स्वयंसेवकांची पाळी. त्या दोघांत एक विद्यार्थी असावाच, हा माझा आग्रह. भाषणात समतेवर टाळ्या घेणाऱ्या आमच्या बंधूंना तासभर रडते बाळ शांत करण्याची संधी मिळायला हवी. प्राचार्य व गुरुजनांनी या सूचनेचा विचार करावा अशी नम्र विनंती आहे.

आणि घरासाठी एवढेच सुचवते. मूल पडले की आधी मूल उचलावे. मग "लक्ष कुणाचं होतं?" हा प्रश्न जरूर विचारावा, पण विचारणाऱ्याने तो आधी स्वतःला विचारावा, की त्या वेळी माझे लक्ष कुठे होते? घरात माणसे सहा आणि मुलांवर लक्ष एकाच म्हातारीचे, तेही मोतीबिंदू झालेल्या डोळ्याचे, हा हिशेब कोणत्याही शाळेत चुकीचाच ठरेल.